तुटलेला ढग आणि माळशेज घाट



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४०. जमलं तर ३४ आणि ३५ हे दोन श्लोकही वाचून घ्या, आज त्यांची गरज पडणार आहे.

आजचं चिंतन रोजच्यापेक्षा लांब आहे. त्यात एक प्रवास आहे आणि माझी एक कबुलीही आहे. चहा घेऊन बसा.

अर्जुनाला नक्की काय विचारायचं होतं?

सहाव्या अध्यायात भगवंत ध्यानयोग सांगतात. आसन कसं असावं, खाणं-झोपणं किती असावं, मन कसं आवरावं. ३४ व्या श्लोकात अर्जुन म्हणतो की हे मन आवरणं म्हणजे वारा अडवण्याइतकं अवघड आहे. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. अवघड आहे हे मान्य करतात आणि ३५ व्या श्लोकात दोन उपाय देतात: अभ्यास आणि वैराग्य.

आपण असतो तर "ओके, समजलं" म्हणून पुढे गेलो असतो. अर्जुन मात्र अडतो. तो विचारतो, एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडला, मन मधेच निसटलं आणि साधना अर्धवट राहिली, तर त्याचं काय होतं? इकडचंही गेलं आणि तिकडचंही मिळालं नाही, असं होऊन तो तुटलेल्या ढगासारखा विरून जातो का?

हा प्रश्न न मानणाऱ्याचा नाही. ज्यानं सुरू केलं आणि जो मधेच थांबला, त्याचा आहे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचा.

ढगाची उपमा रामानुजाचार्य फार नेमकी उलगडतात. मोठ्या ढगातून एक तुकडा सुटला. मागचा ढग सुटला, पुढच्या मोठ्या ढगापर्यंत पोचला नाही, मधल्यामधे संपला. आपल्या माउलींनी ज्ञानेश्वरीत हाच ढग आणखी ओळखीचा केला आहे: अवेळी आलेलं, पातळ, विरळ आभाळ, जे धड टिकतही नाही आणि बरसतही नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला असं आभाळ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

दोन बारीक गोष्टी बघून ठेवा. पहिली, ३४ मध्ये अर्जुन मनाला वारा म्हणतो आणि ३८ मध्ये ढग तुटतो. ढगाला कोण तोडतं? वाराच. म्हणजे ज्या मनाची तक्रार त्यानं केली, त्याच मनानं आपली साधना फाटेल ही त्याची भीती आहे. दुसरी, 'छिन्न' म्हणजे तुटलेला. पुढच्याच श्लोकात अर्जुन म्हणतो, हा संशय तूच छेदू शकतोस, दुसरं कोणी नाही. 'छिन्न' आणि 'छेदणं' यांचा धातू एकच, छिद्. ढग तुटण्याची भीती आहे आणि तुटायला हवा तो संशय.

हे सगळं मी अनेकदा वाचलं होतं. वहीत टिपणंही होती. कळलं मात्र १५ ऑगस्टच्या रात्री.

कल्याणची अभंगवाणी

सुट्टीला जोडून रजा टाकली होती, म्हणून आम्ही गावी होतो. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढे. कल्याणला संध्याकाळी अभंगवाणीचा कार्यक्रम होता. अण्णांना, म्हणजे वडिलांना, भीमसेन जोशींच्या संतवाणीचं वेड. घरातल्या कॅसेटी झिजल्या, पण फेकू दिल्या नाहीत. म्हटलं, एकदा समोर बसून ऐकू दे. अण्णा, मी, बायको आणि पाच वर्षांची लेक, असे चौघं दुपारीच निघालो.

कार्यक्रम सुंदर झाला. पखवाज आणि टाळ एकत्र सुरू झाले तशी अण्णांची बोटं गुडघ्यावर चालू झाली. मध्यंतरात चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "वाचन कुठवर आलं तुझं?"

गेल्या वर्षी आषाढी एकादशीला मी ज्ञानेश्वरी वाचायला घेतली होती. ग्रंथ सुमारे ९ हजार ओव्यांचा. रोज २५ ओव्या धरल्या तर वर्षभरात होतो, असा हिशोब मांडून एक्सेल शीटसुद्धा केली होती. अण्णांना ते फार आवडलं होतं. एक्सेल नव्हे, वाचन.

मी म्हणालो, "पंधराव्यात आहे."

खोटं होतं. माझं वाचन तेराव्या अध्यायात थांबलं होतं, आणि तेही फाल्गुनात. हजारावर ओव्यांचा तो अध्याय, त्यात ऑफिसात रिलीज, त्यात लेकीचं आजारपण. एक दिवस चुकला, मग आठवडा, मग शीट उघडायचीच लाज वाटायला लागली.

आणि आता तुमच्यापाशीही कबुली. फाल्गुनापासून इथे जे चिंतन येत होतं, त्यातलं बरंचसं जुन्या वहीतलं होतं. "आज वाचताना जाणवलं" असं मी लिहायचो, तेव्हा मी आज काहीही वाचलेलं नसायचं. क्षमा करा.

ढगाच्या आत

जेवून कल्याणहून निघायला सव्वानऊ वाजले. मुरबाडपर्यंत पाऊस होता, टोकावड्याला थांबला. मोरोशी गेलं, घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर समोरचा रस्ताच नाहीसा झाला.

पावसाळ्यात माळशेजला धुकं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. दिवसा तेच बघायला गर्दी होते. रात्री ते वेगळं असतं. बॉनेटच्या पुढे एक पांढरी भिंत. मी घाबरून हेडलाईट अप्परला टाकले तर भिंत आणखी पांढरी झाली. धुक्यातल्या थेंबांवरून तो उजेड आपल्याच डोळ्यांत परत येतो.

अण्णा पुढच्या सीटवर होते. ते एसटीत ड्रायव्हर होते. आता मोतीबिंदूमुळे रात्री चालवत नाहीत. शांतपणे म्हणाले, "फुल लाईट मारू नको. डिपरवर घे. काच थोडी खाली कर, समोरच्याचा हॉर्न ऐकू येईल. डाव्या अंगाची पांढरी पट्टी दिसते का?"

"थोडीशी."

"किती?"

"दहा-बारा फूट."

"बास झाली. ती धर. पट्टी संपली असं वाटलं तर वेग कमी कर, पण वळणावर मधेच उभा राहू नको. मागनं येणाऱ्याला आपण दिसत नाही."

मागून लेक म्हणाली, "आजोबा, आपण ढगात आहोत का?"

"हो बाळा."

"मग ढग का नाही दिसत?"

कोणी उत्तर दिलं नाही. मला तरी सुचलं नाही.

पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगत होती. तळहाताला घाम. अशा वेळी माणसाला नामस्मरण सुचावं, निदान एखादा नवस तरी. मला काय सुचलं सांगतो. मला सुचलं की आत्ता काही झालं, तर अण्णांशी मी बोललेली शेवटची महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते खोटं, "पंधराव्यात आहे".

आणि मी बोलून टाकलं. पट्टीवरची नजर न काढता. "अण्णा, वाचन बंद आहे. तेराव्यातच आहे. फाल्गुनापासून हात नाही लावला."

एक वळण गेलं. अण्णा म्हणाले, "आता पट्टी बघ." आणखी एक वळण. मग म्हणाले, "माझी खूण नवव्या अध्यायात होती. अकरा वर्षं."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. अण्णा मुक्कामाच्या गाडीवर असायचे तेव्हा पोथी पिशवीत असायची. मुक्कामाच्या गावी रात्री कंदिलाशी थोडं वाचायचे. मग धाकटे काका गेले. "पोथी मिटली ती मिटलीच. खूण म्हणून एसटीचं तिकीट घातलेलं. रिटायर झालो तेव्हा उघडली, तर तिकीट तिथंच. छपाई पार उडून गेलेली."

"मग पहिल्यापासून सुरू केलंत?"

"कशाला? तिकीट होतं तिथनं पुढं."

समोरून आलेला माणूस

थोड्या वेळानं समोरून हॉर्न ऐकू आला, मग दोन पिवळे डाग दिसले. जुन्नर भागातली भाजी रात्री याच घाटानं कल्याण-वाशीच्या मार्केटला उतरते. तसलाच एक पिकअप होता. अगदी शेजारी आला तेव्हा ड्रायव्हरनं वेग मारला आणि काच खाली करून विचारलं, "कुठं जायचं?"

"ओतूर."

"जावा सावकाश. बोगद्याच्या पुढपर्यंत आसंच हाय. मढच्या पुढं मोकळं हाय."

एवढंच बोलून तो खाली गेला. त्याचा चेहरासुद्धा नीट दिसला नाही.

आता एक विचार करा. त्याच्या बोलण्यानं धुकं कमी झालं का? नाही. मला पट्टी जास्त दिसायला लागली का? नाही, तीच दहा-बारा फूट. रस्ता तोच, गाडी तीच, अंधार तोच. पण स्टिअरिंगवर आवळलेली माझी बोटं सैल झाली. कारण जिथे मला जायचं होतं तिथून तो आत्ताच आला होता. तो अंदाज सांगत नव्हता.

अर्जुन ३९ व्या श्लोकात हेच म्हणतो असं मला त्या क्षणी वाटलं. तुझ्याशिवाय हा संशय छेदणारा कोणी नाही, असं तो का म्हणतो? मित्रांना विचारलं असतं, तर त्यांनी आपापला अंदाज दिला असता. सगळे त्याच धुक्यात, त्याच बाजूनं चढणारे. उत्तर द्यायला तो हवा ज्याला घाटाच्या दोन्ही बाजू दिसतात.

भगवंत काय म्हणतात, आणि काय म्हणत नाहीत

४० वा श्लोक हे त्याचं उत्तर. अशा माणसाचा नाश इथेही नाही आणि परलोकातही नाही. कल्याणकारी कर्म करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही.

त्यात एक हाक आहे, 'तात'. वडीलधाऱ्यानं लेकराला मायेनं मारावी तशी. एरवी पार्थ, कौंतेय, भारत म्हणणारे भगवंत इथे असं म्हणतात, आणि तेही कुठे? अर्जुन सर्वांत जास्त घाबरलेला आहे तिथे. अण्णांनी "आता पट्टी बघ" म्हटलं, त्यातही तीच हाक होती. मला ओरडायला त्यांच्याकडे भरपूर कारण होतं.

भगवंत काय म्हणत नाहीत तेही बघा. "तू कधी थांबणार नाहीस" असं ते म्हणत नाहीत. "थांबलास तरी चालतं" असंही म्हणत नाहीत, कारण पाचच श्लोक आधी त्यांनी अभ्यास सांगितला आहे. ते म्हणतात, केलेलं वाया जात नाही. पुढच्या श्लोकांत तर क्रमच दिलाय: असा साधक चांगल्या घरात पुन्हा जन्म घेतो, आधीच्या बुद्धीशी त्याची गाठ पडते आणि तो तिथून पुढे प्रयत्न करतो. आधीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर डाऊनलोड तुटलं तरी आलेला भाग पुसला जात नाही. पुन्हा जोडलं की तिथूनच सुरू. तिकीट होतं तिथनं पुढं.

एक इशारा मात्र हवा. हा श्लोक म्हणजे रात्री धुक्यात घाट चढायचा परवाना नाही. आम्ही सुखरूप पोचलो म्हणून "देवानं वाचवलं" असं लिहून मोकळं होणं सोपं आहे, पण खरं हे आहे की पावसाळ्यात त्या वेळी तिथून निघणंच माझी चूक होती. मुरबाडला थांबता आलं असतं, कल्याणलाच राहता आलं असतं. लेक गाडीत असताना मी कार्यक्रमाचा शेवट ऐकायच्या मोहात उशीर केला. श्रद्धा आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही असं करू नका.

तुटलेला ढग कुठे जातो?

बोगदा गेला. घाटमाथा गेला. मढच्या पुढे खरंच मोकळं झालं. पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी उजेडाच्या एका रेघेसारखं दिसलं. बायकोनं मागे पाहून म्हटलं, "बघा, ढग आता दिसतोय." लेक तोवर झोपली होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळालं: आत असेपर्यंत ढग दिसत नाही, नुसतं काहीच दिसत नाही एवढंच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून मी हाच विचार करत होतो. यापुढचं गीतेत नाही, माझं आहे, तेवढ्याच वजनानं घ्या.

अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढतात आणि तिथेच फाटतात. पूर्वेकडे जावं तसा पाऊस कमी होत जातो. आळेफाट्याच्या पुढे गेलं की आभाळ नुसतं येतं आणि जातं. म्हणजे अर्जुन म्हणतो तो तुटलेला ढग आमच्या डोळ्यांसमोर दर पावसाळ्यात असतो.

पण तो खरंच संपतो का? कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी काळू नदीतून उल्हासला, म्हणजे कल्याणच्या बाजूला जातं. पूर्वेला पडलेलं पुष्पावतीत येतं. पुष्पावती कुकडीला मिळते, कुकडी घोडला. ही घोड आंबेगाव तालुक्यातून डिंभे धरणातून येते, ज्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं आणि तालुक्याला नाव मात्र राहिलं. घोड भीमेला मिळते. आणि भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते, तिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो.

वाटेत धरणं आहेत, कालवे आहेत. बरंच पाणी नारायणगावच्या टोमॅटोला आणि ओतूरच्या कांद्याला जातं. सगळेच थेंब पंढरीला पोचत नाहीत. पण वाया कोणता गेला, सांगा.

ज्या ढगाला "तुटला, संपला" म्हणायचं, तो वरून बघितलं तर पांडुरंगाच्या वाटेवर असतो. फक्त तो तेव्हा ढग राहिलेला नसतो.

ओतूर

घरी जाताना ओतूर लागलं तेव्हा बारा वाजून गेले होते. मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचं मंदिर आहे, श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी बघायला गर्दी लोटते. तिथेच बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. हे तुकोबांचे गुरू. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, त्यांनी तुकोबांना स्वप्नात उपदेश केला. तुकोबा स्वतः सांगतात की गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं होतं आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. एवढ्या मोठ्या क्षणी एक साधी गोष्ट राहून गेली. तरी डोक्यावर ठेवलेला हात गुरूंनी काढून घेतला नाही.

अण्णांनी चालत्या गाडीतून त्या दिशेला हात जोडले. मग म्हणाले, "कल्याणहून निघालो, कल्याणच झालं." त्यांना असले विनोद आवडतात. ४० व्या श्लोकातला 'कल्याणकृत्' हा शब्द त्यांच्या मनात होता की नव्हता, मी विचारलं नाही.

सकाळी मी तेरावा अध्याय उघडला. कुठे थांबलो होतो ते शोधायला वेळ लागला, कारण माझी खूण एक्सेलमध्ये होती, पोथीत नव्हती. शेवटी सापडलं. २५ ओव्या नाही झाल्या, ९ झाल्या. अण्णा ओट्यावर होते. त्यांनी आत येऊन पाहिलं, काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं पोथीत घालायला एक जुनं तिकीट आणून ठेवलं.

आजचा अभ्यास

१. सुरू करून सोडलेली एक गोष्ट आठवा: हरिपाठ, पारायण, सकाळचं ध्यान, काहीही. ती पहिल्यापासून सुरू करू नका. जिथे थांबलात ते पान शोधा.

२. आज फक्त दहा फूट. ९ ओव्या, किंवा एक श्लोक. उद्याचा हिशोब आज मांडू नका.

३. कोणाला "चालू आहे" असं खोटं सांगितलं असेल, तर त्या माणसाला खरं सांगून टाका. घाटात अडकायची वाट बघू नका.

उद्याचं वाचन: अध्याय ६, श्लोक ४१ ते ४५. उद्याचं चिंतन जुन्या वहीतलं नसेल. लहान असेल कदाचित, पण त्याच दिवशी वाचलेलं असेल.

राम कृष्ण हरी.